भिंत कोणी पाडली?

एखादे चांगले कृत्य ज्याच्या हातून घडले, त्याच्या मनात ते करावयाचेच नव्हते असे मागाहून समजले, तर त्या कृत्याचे मोल कमी होते काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो सोडविण्यासाठी ग्रंथकारांनी घेतलेली उदाहरणेही आता घासून गुळगुळीत झाली आहेत. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी कोणी कर्तव्यबुद्धीने उडी टाको की बक्षिसाच्या आशेने टाको, त्याचे कृत्य योग्यच, असे मिल म्हणतो. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून चोख व्यवहार करणारा दुकानदार वागतो बरोबर, पण त्याच्या वागण्याला नैतिक मोल नाही, असे कान्ट म्हणतो. आम्ही आज ह्या प्रश्नाकडे जरा निराळ्या दाराने जाणार आहो. ते दार एका गाण्याचे आहे. आणि गाणेही असे की, त्याचे नाव ह्या पानावर पाहून आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. त्यांनी क्षणभर दम धरावा, एवढीच विनंती.

गाण्याचे नाव 'वॉक धिस वे'. ते गाजले दोनदा: एकदा १९७५ साली ध्वनिमुद्रित झाल्यावर, एरोस्मिथ नावाच्या बोस्टनच्या रॉक वाद्यवृंदाच्या तोंडून, आणि दुसऱ्यांदा १९८६ साली, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील रन-डीएमसी ह्या तिघा कृष्णवर्णी तरुणांच्या रॅपमंडळीकडून, त्याच एरोस्मिथमधील दोघांना बरोबर घेऊन. ह्या दुसऱ्या मुद्रणाविषयी असे सांगतात की, अमेरिकेच्या संगीतात गोऱ्यांचा आणि काळ्यांचा असे जे दोन वेगळे वाडे झाले होते, त्यांच्यामधील भिंत ह्या गाण्याने पाडली. ह्या सांगण्यात तथ्य पुष्कळ आहे. परंतु भिंत पाडणारे हात कोणाचे होते, ते हात त्या कामाला राजीखुशीने लागले होते काय, आणि पडलेल्या भिंतीच्या विटा कोणाच्या अंगणात गेल्या, हे पाहू लागले म्हणजे आमच्या पहिल्या प्रश्नाचे स्वरूप बदलत जाते.

मूळ गाण्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. एरोस्मिथचा गिटारवादक जो पेरी हा १९७४ च्या अखेरीस होनोलुलू येथे कार्यक्रमापूर्वी वाद्ये जुळवून पाहत असता त्याच्या बोटांतून एक ठुमकती स्वरावली निघाली. न्यू ऑर्लिअन्सच्या 'द मीटर्स' ह्या कृष्णवर्णी वादकांच्या वादनाचा छंद त्या दिवसांत आपणांस लागला होता आणि त्याच ओढीने ती सुचली, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. चाल तयार झाली, पण तिला शब्द मिळेनात. इतक्यात मंडळी 'यंग फ्रँकेन्स्टाईन' हा नवा विनोदी चित्रपट पाहून आली. त्या चित्रपटात एक कुबडा नोकर पाहुण्याला वाट दाखवीत खुरडत पुढे निघतो, आणि पाहुणाही मागून तसाच खुरडू लागतो. हा विनोद मराठीत समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण तो आपल्या भाषेत जसाच्या तसा आहे. आपणही आलेल्याला 'असे या' म्हणतो. 'असे' म्हणजे ह्या वाटेने, आणि 'असे' म्हणजे ह्या ढंगाने. यजमानाच्या मनातील अर्थ पहिला. पाहुण्याने दुसरा घेतला की हसे होते. गाण्याला नाव मिळाले ते ह्या विनोदातून.

गायक स्टीव्हन टायलर याने मग जे शब्द लिहिले ते एका वयात येणाऱ्या मुलाच्या चावटपणाचे आहेत. आमच्या वाचकांच्या घरी चारचौघांत म्हणण्याजोगे ते नव्हेत, आणि त्यांत काही गूढ काव्य दडले आहे असा दावा आम्ही करीत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टायलर ते शब्द गात नाही, जवळजवळ बडबडतो. अक्षरे ठेक्यावर इतकी दाटीवाटीने बसविलेली आहेत की स्वराला जागाच राहत नाही. रॅप हा शब्द अमेरिकेतल्या गोऱ्या घरांत पोचण्यापूर्वीच एका गोऱ्या गायकाच्या तोंडून रॅपसारखे काहीतरी बाहेर पडले होते. हे गाणे 'टॉइज इन द अ‍ॅटिक', म्हणजे माळ्यावरची खेळणी, ह्या तबकडीत १९७५ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे १९७७ च्या आरंभी ते अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या कोष्टकात दहाव्या क्रमांकापर्यंत चढले.

आता शहराच्या दुसऱ्या अंगाला जाऊ. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास गरीब वस्तीतील तरुणांनी एक नवीच करमणूक काढली होती. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नाही. पण दोन फिरत्या तबकड्या आणि एक कर्णा एवढे साहित्य असले की पुरे. एकाच गाण्याच्या दोन प्रती घ्यावयाच्या, त्यातील केवळ ढोल वाजतो तो तुकडा शोधून काढावयाचा, एका तबकडीवर तो संपत आला की दुसरीवर पुन्हा आरंभापासून सुरू करावयाचा, आणि असा तो चार क्षणांचा ठेका अर्धा अर्धा तास चालवावयाचा. त्यावर दुसरा कोणी यमके जुळवीत बोले, तोच रॅप. चांगला ठेका सापडला की तो प्रतिस्पर्ध्यांस कळू नये म्हणून काही वादक तबकडीवरील कागद भिजवून काढून टाकीत. 'वॉक धिस वे' च्या आरंभी गिटार येण्यापूर्वी काही क्षण निव्वळ ढोल आहे. तो जोई क्रेमर ह्या एरोस्मिथच्या वादकाने असा काही घट्ट व ऐसपैस वाजविला आहे की, तो ह्या मुलांचा फार आवडता झाला. त्यापुढचे गाणे ते ऐकतच नसत. गिटार सुरू होण्याच्या आत तबकडी मागे फिरवावयाची हीच तर कला. रन-डीएमसीतील डॅरिल मॅकडॅनियल्स यांनी पुढे सांगितले आहे की, आम्हांला एरोस्मिथ हे नावही ठाऊक नव्हते. 'टॉइज इन द अ‍ॅटिक' हेच त्या वादकांचे नाव असे आम्ही समजत होतो.

ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटते. एखाद्याच्या कामाचा जो भाग त्याला स्वतःला प्रस्तावनेपुरता वाटला असेल, तोच कोठेतरी दूर, त्याचे नावगाव माहीत नसलेल्या माणसांनी उचलावा आणि त्यावर आपल्या सगळ्या रात्री घालवाव्यात, याहून निर्मळ दाद कोणती? तीत खुशामत नाही, फायदा नाही, ओळखसुद्धा नाही.

१९८६ साली ही ओळख करून दिली गेली, आणि येथूनच भानगडीस आरंभ होतो. रन-डीएमसी मंडळी आपली तिसरी तबकडी 'रेझिंग हेल' मुद्रित करीत होती. जेसन मिझेल तबकड्या फिरविणारा, जोसेफ सिमन्स व मॅकडॅनियल्स हे बोलणारे. त्यांचा विचार नेहमीचाच होता: क्रेमरचा ठेका घ्यावा आणि त्यावर आपले शब्द म्हणावेत. त्यांच्याबरोबर काम करणारा रिक रुबिन हा गोरा तरुण, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. रॉक व रॅप ह्या दोहोंवर सारखीच भक्ती असलेला. त्याने सुचविले की ठेका तेवढा घेऊ नका, सबंध गाणे घ्या. शब्दही टायलरचेच म्हणा. आणि टायलरला व पेरीला बरोबर बोलवा. सिमन्स व मॅकडॅनियल्स यांनी तबकडी शेवटपर्यंत, बहुधा आयुष्यात प्रथमच, ऐकली. त्यांना ते शब्द गावंढळ बडबड वाटले. आपली मंडळी आपल्याला हसतील ही भीती तर होतीच. पण त्याहून खोल कारण आमच्या मते असे होते की, रॅप करणाराची सारी अब्रू त्याच्या शब्दांत असते. चाल उसनी चालेल, ठेका तर उसनाच असावयाचा. शब्द मात्र स्वतःचे पाहिजेत. दुसऱ्याचे शब्द म्हणणारा रॅपकार म्हणजे दुसऱ्याच्या सहीने पत्रे लिहिणारा माणूस. त्यांनी नको म्हटले. रुबिनने, मिझेलने आणि सिमन्सचे थोरले बंधू व व्यवस्थापक रसेल यांनी त्यांना राजी केले.

राजी केले म्हणजे मन वळविले असे नव्हे. ९ मार्च १९८६ रोजी मॅनहॅटनमधील मुद्रणालयात टायलर व पेरी आले. त्या दोघांचीही स्थिती काही अभिमानाची नव्हती. व्यसनांनी त्यांना पोखरले होते, आदल्या वर्षीची तबकडी पडली होती, आणि लोक त्यांना संपलेले समजू लागले होते. आठ हजार डॉलर त्यांना देण्यात आले. वाद्यवृंदातील बाकीच्या तिघांना बोलावणेच नव्हते. म्हणजे ज्याच्या ढोलावरून हे सारे रामायण सुरू झाले तो क्रेमर त्या दिवशी तेथे नव्हता. त्याच्या ढोलाच्या ऐवजी बहुतेक गाण्यात यंत्राचा ठेका आहे, आणि खुद्द त्याचा आवाज मिझेलच्या हाताखालच्या जुन्या तबकडीतून तेवढा ऐकू येतो. सिमन्स व मॅकडॅनियल्स यांनी पहिल्या वेळी शब्द बेमनाने उरकले, आणि मग समजूत घातल्यावर पुन्हा म्हटले.

असे हे गाणे. एकाला दुसऱ्याचे शब्द आवडत नाहीत. दुसऱ्याला पैशांची व नावाची नड आहे. मध्ये एक हौशी तरुण दोघांना एका खोलीत कोंडून उभा आहे. आणि निघाले काय? १९८६ च्या सप्टेंबरात ते चौथ्या क्रमांकावर पोचले, म्हणजे मुळाच्याही सहा पायऱ्या वर. 'रेझिंग हेल' च्या तीस लक्षांहून अधिक प्रती अमेरिकेत खपल्या. ज्या रेडिओ केंद्रांवर रॅपला दारही उघडले जात नव्हते त्यांनी हे गाणे वाजविले. एमटीव्ही ही १९८१ साली निघालेली गीतचित्रवाहिनी पहिल्या काही वर्षांत कृष्णवर्णी कलावंतांना इतकी अंतरावर ठेवीत असे की, १९८३ मध्ये डेव्हिड बोवी ह्या गोऱ्या गायकाने तिच्याच मुलाखतीत तिला ह्याचा जाब विचारला होता. रन-डीएमसीचे एक गीतचित्र तिने १९८४ मध्ये दाखविले होते हे खरे. तेही गिटारीच्या जोरावर. पण 'वॉक धिस वे' दिवसातून कितीदा तरी लागू लागले, आणि १९८८ मध्ये त्याच वाहिनीवर केवळ रॅपसाठी स्वतंत्र कार्यक्रम निघाला.

त्या गीतचित्राविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण भिंतीची उपमा आमची नाही, त्याच्या दिग्दर्शकाची, जॉन स्मॉल यांची आहे. दोन शेजारच्या खोल्या. एकीत रॉकवाले, दुसरीत रॅपवाले. मध्ये विटांची भिंत. एकाच्या आवाजाने दुसरा त्रासतो. शेवटी टायलर आपल्या ध्वनिग्राहकाच्या खांबाने भिंतीला भोक पाडतो, त्यातून डोके घालतो आणि ध्रुवपद म्हणतो. पुढे त्याच्या भरल्या सभेत हे दोघे आपल्या काळ्या टोप्या घालून अवतरतात, आणि सगळे मिळून नाचतात. चित्र मोठे खेळकर आहे, आणि ज्यांनी ते त्या वेळी पाहिले त्यांना त्याचा विसर पडला नाही. परंतु आमच्यासारख्या किरकिऱ्या प्रेक्षकास त्यात दोन गोष्टी खटकतात. पहिली अशी की, भिंत फोडतो तो गोरा गायक. पाहुणे जातात ते त्याच्या सभेत, आणि म्हणतात ते त्याचे शब्द. दुसरी अशी की, पडद्यावर टायलर-पेरींच्या मागे जे तिघे वादक दिसतात ते एरोस्मिथचे नव्हेतच. दुसऱ्याच एका वाद्यवृंदातील माणसे तेथे उभी केली आहेत. म्हणजे भेटीच्या ह्या सोहळ्यात एका घरची निम्म्याहून अधिक माणसे तोतया होती!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मिलचा पोहणारा येथे पुरेसा पडत नाही. बुडणारा वाचला की त्याला वाचविणाराचे मन कसे होते ह्याचा त्याच्या श्वासावर परिणाम होत नाही. गाण्याचे तसे नाही. गाणे ही कृती मनातून घशात येते. बेमनाचे गाणे बेमनाचे ऐकू आले पाहिजे. मग ह्या गाण्यात ते ऐकू का येत नाही? आम्ही ते पुष्कळदा लक्ष देऊन ऐकले आहे. एकाने ओळ उचलावी, दुसऱ्याने तिचा शेवटचा शब्द तोंडातून काढून घ्यावा, दोघांनी मिळून तो आपटावा; असा तो झपाटा आहे. त्यात उत्साहच दिसतो, किंबहुना मूळ गाण्यापेक्षा अधिक. ज्यांना शब्द आवडले नाहीत त्यांनी शब्दांवर राग काढला, आणि तो राग ठेक्यात बसला, असे एक उत्तर सुचते. दुसरे उत्तर अधिक साधे आहे. ती माणसे आपल्या धंद्यात तरबेज होती. कीर्तनकाराला प्रत्येक आख्यान सारखेच प्रिय असते असे थोडेच आहे. पण उभा राहिला की त्याचे अंग त्याला न आवडणारे आख्यानही चांगलेच सांगते. कसबाला स्वतःची एक इमानदारी असते, आणि ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसते. कान्टने दुकानदाराचा विचार केला, कारागिराचा केला नाही, हे येथे जाणवते. मापात न मारणारा दुकानदार फायद्याकडे पाहत असेल. पण नावडत्या गिऱ्हाइकाचीही खुर्ची सुतार डुगडुगती करीत नाही, ह्यात कर्तव्यबुद्धीही नाही आणि फायदाही नाही. तेथे हातच ऐकत नाही.

म्हणून इच्छेविरुद्ध केले एवढ्यावरून त्या गाण्याचे मोल आम्ही कमी करणार नाही. आमची अडचण निराळी आहे. ती अशी की, नको म्हणण्याचा हक्क दोघांपैकी कोणाला किती होता? टायलर-पेरी नड असून आले, पण आले ते आपलेच गाणे घेऊन. त्यांना काही सोडावे लागले नाही. सिमन्स-मॅकडॅनियल्स यांना मात्र जी वस्तू त्यांच्या कलेचा कणा, ती दाराबाहेर ठेवून आत जावे लागले. त्यांच्या आधीच्या गाण्यांतही रॉकची गिटार होती. 'रॉक बॉक्स' आणि 'किंग ऑफ रॉक' ही १९८४ व १९८५ मधील त्यांची गाणी त्याच मिश्रणाची, आणि शब्द पूर्णपणे त्यांचे. ती गाजली, पण त्यांनी भिंत पडली नाही. पडली केव्हा, तर त्यांनी परके शब्द म्हटले तेव्हा. 'असे या' म्हणून दार उघडले गेले. पण येथे 'असे' चा अर्थ ह्या वाटेने एवढाच होता, की आमच्या ढंगाने चालत याल तर या, असाही होता? विनोदी चित्रपटातील पाहुणा चुकून खुरडला. ह्या पाहुण्यांना खुरडल्यावाचून आत येता आले असते काय, हा प्रश्न आम्हांस सोडीत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, संगीत हे वाऱ्यासारखे आहे, त्यात माझे-तुझे कसले? हे म्हणणे ऐकण्यास गोड आहे. पण हिशेबाची वही उघडली की ते म्हणणारे सहसा गप्प बसतात. ह्या गाण्याचे ऋण कोणी कोणाचे फेडावयाचे हे जरा पाहावे. पेरीची स्वरावली मीटर्सच्या ओढीने सुचली. एरोस्मिथच्या सभा गाजविणारे दुसरे एक गाणे, 'द ट्रेन केप्ट अ-रोलिन', हे मुळात १९५१ चे, टायनी ब्रॅडशॉ ह्या कृष्णवर्णी वादकाचे. ते १९५६ मध्ये जॉनी बर्नेट यांच्या व पुढे इंग्लंडच्या यार्डबर्ड्स मंडळीच्या हातून फिरत बोस्टनला पोचले. म्हणजे ज्यांच्या घरी रन-डीएमसी पाहुणे म्हणून गेले, त्यांच्या घरातील निम्मी भांडी पाहुण्यांच्याच आजोळची! पण 'वॉक धिस वे' चे लेखक म्हणून कागदावर दोनच नावे आहेत, टायलर आणि पेरी. म्हणून १९८६ च्या प्रत्येक प्रतीवर लेखकाचा वाटा त्यांना पोचला. आणि क्रेमर? ढोल वाजविणारास गाण्याचा कर्ता मानण्याची त्या धंद्यात सहसा रीतच नाही. ज्यासाठी रॅपवाल्यांनी ती तबकडी उचलली, ते कायद्याच्या दृष्टीने गाणेच नव्हे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ब्राँक्सच्या मुलांनी कागद भिजवून काढले तेव्हा त्यांनीही कोणाचे नाव पुसलेच. त्या वेळी त्यातून कोणाचे पोट भरत नव्हते, म्हणून ते निरागस वाटते. तबकड्या खपू लागल्यावर त्याच रीतीला न्यायालयाने अडविले. १९९१ मध्ये बिझ मार्की ह्या रॅपगायकाविरुद्धच्या दाव्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने आपल्या निकालाचा आरंभच बायबलातील चोरीविषयीच्या आज्ञेने केला. धर्मग्रंथ मदतीला घेण्याइतके ते पाप मोठे होते की काय, ह्याविषयी आम्हांस शंका आहे; आणि पेरीने मीटर्सकडून घेतले ते सुचणे आणि बिझ मार्कीने घेतले ती चोरी, ही रेषा नेमकी कोठे ओढावयाची हेही आम्हांस नीट उमगत नाही. स्वरावलीची ओढ घेतली तर कायदा बोलत नाही. मुद्रित तुकडा घेतला तर बोलतो. ज्याच्या हातात गिटार आहे त्याला ओढ घेता येते. ज्याच्या हातात नुसती तबकडीच आहे त्याने काय करावे?

आपल्या मराठी रंगभूमीने ह्या बाबतीत एक साधी रीत पाळली होती, तिचा येथे उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. १८८० च्या 'संगीत शाकुंतला'पासून पुढे कितीतरी नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एक ओळ असे, आणि ही चाल कोणत्या लावणीची, कोणत्या पदाची किंवा कोणत्या हिंदुस्थानी चिजेची हे त्यात दिलेले असे. भास्करबुवा बखले यांनी १९१६ मध्ये 'स्वयंवरा'ला चाली दिल्या तेव्हा नत्थनखाँ, फैज महंमदखाँ, अल्लादियाखाँ अशा उस्तादांकडून मिळालेली विद्या ब्राह्मणांच्या माजघरापर्यंत गेली. त्या उस्तादांना माजघरात कोणी बसविले असते काय, हा प्रश्न आम्ही येथे मोकळाच ठेवतो. डोक्यावरच्या त्या एका ओळीने पैशांचे ऋण फिटत नव्हते, आणि भिंतही पडत नव्हती. पण भिंतीला खिडकी आहे एवढे तरी वाचणाराला कळे. आपल्या जुन्यांनी देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. त्यांतील ऋषींचे ऋण फेडावयाचे ते अध्ययनाने, म्हणजे जे मिळाले ते पुढे म्हणत राहून. ह्या हिशेबाने मिझेलने क्रेमरचा ठेका जितक्या वेळा फिरविला तितके त्याने ते ऋण फेडले असे म्हणता येईल. वही मात्र वेगळेच सांगते.

आणि भिंत? ज्या उन्हाळ्यात गाणे वर चढत होते त्याच उन्हाळ्यात, १७ ऑगस्ट १९८६ रोजी, कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे रन-डीएमसीच्या कार्यक्रमात गुंडांच्या टोळ्यांनी मारामारी केली आणि चाळिसांहून अधिक माणसे जखमी झाली. रन-डीएमसी त्या रात्री व्यासपीठावर आलेही नव्हते. तरी पुष्कळ वृत्तपत्रांनी दोष रॅपला दिला, आणि त्या मंडळींना आपण हिंसेच्या विरुद्ध आहो असे पुन्हा पुन्हा सांगत बसावे लागले. टायलरच्या शब्दांत गोऱ्या घरांतून त्यांचे स्वागत होत होते. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र संशय होता. पाहुणा म्हणून आत घेतलेल्याच्या खिशावर यजमानाची नजर असावी तसाच हा प्रकार झाला. पुढे ह्या मिश्रणाचा मोठा बाजार झाला. १९९० नंतर रॅप-रॉक वाजविणारे अनेक वाद्यवृंद निघाले. त्यांतील काहींनी, उदाहरणार्थ 'रेज अगेन्स्ट द मशीन' मंडळीने, त्यात धारदार राजकीय आशय आणला, आणि काहींनी नुसता त्रागा केला. त्या पिकाविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही. परंतु तो विषय वेगळा.

एरोस्मिथला ह्या गाण्याने दुसरा जन्म दिला. १९८७ च्या 'पर्मनंट व्हेकेशन' पासून त्यांचे वैभव पहिल्याहूनही वाढले. रन-डीएमसी मात्र ह्या शिखरावर पुन्हा पोचले नाहीत. मॅकडॅनियल्स ह्या गाण्याविषयी पुढे कृतज्ञतेनेच बोलत आले आहेत, आणि रुबिनचे म्हणणे बरोबर होते हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला असे आम्ही येथे बसून म्हणतो त्यांनाच तसे वाटत नसेल, तर आमच्या तक्रारीला काय अर्थ, असे वाचक विचारतील. त्याला आमचे उत्तर एवढेच की, मिळाल्याबद्दल समाधान असणे आणि किंमत वाजवी असणे ह्या दोन गोष्टी आहेत. पहिलीविषयी बोलण्याचा अधिकार त्यांचा. दुसरीविषयी बाकीच्यांनीही बोलावे.

जेसन मिझेल यांचा ३० ऑक्टोबर २००२ रोजी क्वीन्समधील त्यांच्या मुद्रणालयात गोळी घालून खून झाला. २०२० च्या जानेवारीत ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभात एरोस्मिथ व रन-डीएमसी ह्यांनी हे गाणे पुन्हा एकत्र म्हटले. तेथेही विटांची एक खोटी भिंत उभी केली होती, पण ह्या वेळी ती फोडून बाहेर आले ते सिमन्स आणि मॅकडॅनियल्स. जोई क्रेमर त्या आठवड्यात त्याच शहरात होता. दुखापतीनंतर वाद्यवृंदाने त्याला पुन्हा वाजवू दिले नव्हते म्हणून तो न्यायालयात गेला होता, आणि समारंभाच्या चारच दिवस आधी निकाल त्याच्याविरुद्ध लागला होता. त्या रात्री ढोल दुसऱ्याने वाजविला.